खिळे

प्रेस बंद पडली तेव्हा थकलेल्या पगारापोटी मी खिळे मागून घेतले.
अठ्ठावीस किलो. झिजलेले,
लग्नपत्रिका, दहाव्याचे निरोप, टुरिंग टॉकीजची हँडबिलं
यांची शाई अजून कडांना.
अकरा वर्षं पोतं बाजेखाली.

कदीम जालन्यात इस्माईल शिकलगरांचं दुकान.
पाटी आहे, गिऱ्हाईक नाही.
निवडणूक लागली की ठाण्यात जमा करायच्या आधी
बंदुकीला तेल लावून घ्यायला येतात तेवढेच.
त्यांनी निरोप धाडला : थोडं शिसं घेऊन ये.

बाकावर मनोरमाबाई वझरकर, वय ब्याऐंशी,
मांडीवर बिस्किटांच्या डब्यात रिव्हॉल्व्हर,
बेल्जियमचं, तीनशेवीस बोअर, तळहाताएवढं,
ज्याची गोळी आता कुठे मिळत नाही.
वडील निजामाच्या करोडगिरी नाक्यावर.
वीस वर्षं कमरेला, चाप एकदाही ओढला नाही
असं आई सांगायची म्हणे.
"परवाना परत करतेय," बाई म्हणाल्या.
"त्याआधी एकदा आवाज ऐकायचाय."

इस्माईलभाईंनी एक खिळा दाताखाली धरून पाहिला.
"इसमें सुरमा है. सुरमा सख्त करता.
ये बुढिया की नली नाजूक."
म्हणून टेलिफोनच्या जुन्या केबलचं मऊ शिसं मिसळलं.
पळीत आधी काने गेले, मग वेलांट्या,
मग ती जोडाक्षरं, जी तीस वर्षं
उलटी वाचत मी चिमट्यानं जागेवर बसवली.
क्ष बराच वेळ तग धरून होता.
शिशावर साय आली, त्यांनी चमच्यानं सारली.

पितळी टोपणांना ते केस म्हणत.
आम्ही अक्षरांच्या खणांना केस म्हणायचो.
त्यावरून दोघं उगीच हसलो.

सराफाचा काटा. एका पारड्यात गुंजा,
दुसऱ्यात काळी दारू, चिमटीचिमटीनं.
किती गुंजा, ते पाठमोरे होऊन मोजलं.
"भरना तो कोई भी भरता.
कम भरना सीखने कू उमर जाती."
गोळीच्या कमरेला मेण आणि करडईचं तेल.
पाच झाल्या तसे थांबले.
सहावं घर घोड्याखाली रिकामं ठेवायचं, जुनी रीत.
आम्हीही दोन शब्दांत कोरा खिळा घालायचो,
नाहीतर ओळ एकमेकांवर चढते.

रविवारी, इंदेवाडीच्या खदानीत, क्रशर बंद.
बाईंनी दोन्ही हातांनी धरलं.
आवाज लहानसा. फळ्यावर पट्टी आपटावी तेवढा.
धूर मात्र मोठा, गंधकाचा, पदरावर बसून राहिला.
"एवढासाच?"
दुसरी मुरमात गेली.
तिसरीनं डबा पाडला की वाऱ्यानं, ठरेना.
चौथीनंतर त्या दगडावर बसल्या.
"हाच," म्हणाल्या.
"ॲक्शन झाली तेव्हा मी आठ वर्षांची.
रात्री हाच ऐकला.
आई म्हणाली होती, कवाडाची कडी पडली."

कुणावर, ते इस्माईलभाईंनी विचारलं नाही.
मीही नाही.
पाचवी त्यांनी स्वतः घेतली. उडाली नाही.
नळी दरडीकडेच ठेवून ते ओठांत आकडे मोजत उभे राहिले,
दाढीच्या टोकाला घाम,
मग ती काढून पाण्याच्या डब्यात टाकली.
बाई डब्याकडे बघत होत्या.
वर आलेला एक बुडबुडा, बस.

मी स्क्रू ड्रायव्हरनं मुरूम उकरला. दोन सापडल्या,
चपट्या, अजून कोमट.
हाताची सवय, उलट्या करून पाहिल्या.
काही नव्हतं.

परतताना रिक्षात कोणी बोललं नाही.
सोमवारी बाई रिव्हॉल्व्हर ठाण्यात देऊन आल्या,
पावती इस्माईलभाईंना दाखवली,
त्यांनी ती चष्मा लावून दोनदा वाचली.

पोतं आता हलकं झालंय, बाज झाडताना एका हातानं सरकतं.
तळाशी ङ आणि ञ आहेत,
कधीच न लागलेले.
बोटाला अजून धार लागते त्यांची.